खरा इंग्रजी उच्चार कोणाचा?

आपल्या मुलांस इंग्रजी चांगली यावी, ही इच्छा आज राहनाळ व आसपासच्या गांवांत घरोघरीं आढळते, आणि ती योग्यच आहे. परंतु तिच्याबरोबर एक भीतीही घरांत शिरते. आपला उच्चार साहेबासारखा नाहीं, तेव्हां लोक हंसतील, ही ती भीती. तिच्यामुळें कित्येक हुशार मुलें उत्तर ठाऊक असूनही वर्गांत तोंड उघडीत नाहींत. यास्तव ‘खरा उच्चार’ म्हणजे काय, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम इंग्रजांचेंच पाहूं. ‘कार’ या शब्दाच्या शेवटचा ‘र’ लंडनचा सुशिक्षित मनुष्य बहुधा उच्चारीत नाहीं. स्कॉटलंडचा मनुष्य तो स्पष्ट उच्चारतो. बहुतेक अमेरिकनही उच्चारतात. आमचीं मुलें हा ‘र’ म्हणतात म्हणून तीं चुकतात असें ठरविलें, तर एडिंबरोचे प्राध्यापकही चुकतात असें म्हणावें लागेल! इंग्लंडांत जें ‘शेड्यूल’, तें अमेरिकेंत ‘स्केड्यूल’. नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ सालच्या कोशानें तर कित्येक शब्दांचीं अक्षरेंही बदललीं. ऑस्ट्रेलिया, नायजेरिया, सिंगापूर येथील बोलण्याची धाटणी आणखी निराळी. तरीही हे सर्व लोक एकमेकांशीं व्यवहार करितातच.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. १८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, आणि पुढें अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) हें त्यांच्या मिशनचें मोठें ठाणें बनलें. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं आले; ते स्कॉटलंडांतील लॉडर गांवचे. त्यांनीं १८३२ सालीं काढलेल्या शाळेंतून पुढें विल्सन कॉलेज उदयास आलें. १८६९ सालीं स्थापन झालेलें सेंट झेवियर्स कॉलेज आरंभीं जर्मन जेझुइटांनीं चालविलें. पहिल्या महायुद्धामुळें त्यांस जावें लागलें व पुढें स्पॅनिश जेझुइट आले. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं इंग्रजी ऐकली ती स्कॉच, अमेरिकन, जर्मन व स्पॅनिश मुखांतून. यांपैकीं जर्मन व स्पॅनिश गुरूंची तर ती मातृभाषाही नव्हती. तथापि त्यांच्या शिष्यांची विद्या त्यामुळें उणी ठरली नाहीं. काश्मिरांत जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू (१९३२–२०१६) यांनीं १९८३ सालीं इंग्रजीच्या भारतीयीकरणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय इंग्रजी हें बिघडलेलें रूप नसून त्या भाषेचें एक स्वतंत्र रूप आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

शब्दांचेंही असेंच आहे. राहनाळच्या भोंवतीं जीं मालाचीं मोठमोठीं कोठारें उभीं आहेत, त्यांस आपण ‘गोडाऊन’ म्हणतों. अमेरिकन मनुष्य ‘वेअरहाऊस’ म्हणेल. परंतु ‘गोडाऊन’ हा शब्द अशुद्ध नव्हे. तो पूर्वेकडील भाषांतून पोर्तुगिजांच्या मार्गें इंग्रजींत गेला व तेथें कोशांत मानानें बसला आहे. इंग्रजीचा ‘मॉंगूस’ हा तर आपल्या मराठी मुंगुसावरूनच झाला.

घरची गोष्ट घ्या. आमच्या परिसरांतील आगरी आजी ‘पाणी’ यास ‘पानी’ व ‘घोडा’ यास ‘घोरा’ म्हणते. म्हणून तिचें शहाणपण कमी होतें काय? उच्चारावरून मनुष्य पारखण्याचा परिणाम पवित्र शास्त्रांतील शास्ते या पुस्तकांत वर्णिला आहे. यार्देनेच्या उताराशीं ज्यांस ‘शिब्बोलेथ’ म्हणतां येईना व जे ‘सिब्बोलेथ’ म्हणाले, ते मारले गेले. बेचाळीस हजार एफ्राईमी त्या वेळीं पडले. वर्गांतील हंसण्यानें कोणी मरत नाहीं हें खरें. परंतु मुलाची जिज्ञासा मात्र मरूं शकते.

यावरून ‘कसेंही बोललें तरी चालेल’ असा अर्थ कोणीं घेऊं नये. ज्या चुकीनें अर्थच बदलतो ती सुधारलीच पाहिजे. ‘वेस्ट’ हा उच्चार आपण पश्चिम दिशेसाठीं करितों आणि बंडीसाठींही करितों; इंग्रजींत मात्र पहिल्यास ओंठ वाटोळे करावे लागतात व दुसऱ्यास खालचा ओंठ वरच्या दांतांस लावावा लागतो. तसेंच मराठींत आपण सर्व अक्षरांवर बहुतेक सारखा भार देतों. इंग्रजी शब्दांत एका अवयवावर विशेष जोर असतो. तो चुकला म्हणजे परक्यास शब्द ओळखणें कठीण जातें. व्याकरण व लेखन यांत तर हयगय मुळींच नसावी.

विद्यार्थ्यांनो, उत्तर भारतांतून वा तेलंगणांतून आलेल्या आईबापांची मुलें तुमच्या शेजारीं बसतात. त्यांतील कोणी ‘स्कूल’ यास ‘इस्कूल’ म्हणालें तर हंसूं नका. त्याचें म्हणणें काय आहे तें ऐका. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलास रोज दहा मिनिटें मोठ्यानें वाचावयास सांगा व शेजारीं बसून ऐका. तुम्हांस इंग्रजी येत नसली तरी चिंता नाहीं. आपलें म्हणणें आदरानें ऐकणारें कोणी आहे, एवढें कळलें म्हणजे मुलाची वाचा मोकळी होते. आणि मोकळी झालेली वाचा अभ्यासानें शुद्ध करितां येते.