पोरगं जिंकतंय, मग लोक ओरडायलेत कामून?

आई-बाबांनो,

रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आमच्या धर्मापुरीच्या घरात दोन गोष्टी एकदमच उपटतात. म्हशीची धार आणि फॉर्म्युला वन. युरोपात दुपारी तीनला शर्यत सुटते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होत असते. आमचा थोरला आठवीत आहे. तो ओट्यावर मोबाइल तांब्याला टेकवून बसतो, शेजारी त्याचे आबा, म्हणजे माझे सासरे, अडकित्ता घेऊन. आबांनी उभ्या आयुष्यात शंकरपट पाहिले, मोटारींची शर्यत कधी नाही. पण नातवामुळे आता त्यांना टायर कधी बदलायचं तेही कळतं.

एकदा पोरगा जुनी चित्रफीत बघत होता. २०२२ साल, इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन. मॅक्स व्हर्स्टॅपन मुलाखतीला उभा, आणि समोरच्या गर्दीतून नुसती हुर्यो. आबांनी सुपारी तोंडात टाकता टाकता विचारलं, "पोरगं जिंकतंय म्हणतूस ना? मग लोक ओरडायलेत कामून?"

पोराकडे उत्तर नव्हतं. तो माझ्याकडे वळला. "मम्मी, मॅक्स चांगला माणूस आहे का गं?"

मी काय म्हणाले असेन? "आधी गणिताची वही दाखव."

मी शाळेत शिकवते. पालकसभेत "मुलांशी बोला, मुलांशी बोला" म्हणून माईकवरून सांगणारी मीच. आणि मूल आपण होऊन एवढा नेमका प्रश्न घेऊन दारात आलं, तर त्याला गणिताच्या वहीवर लावून दिलं. म्हणून आज हे तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

प्रश्न सोपा नाही, हे आधी कबूल करते. हा मॅक्स २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं जगज्जेता. २०२३ मध्ये तर २२ पैकी १९ शर्यती त्यानं एकट्यानं मारल्या, त्यातल्या १० ओळीनं. दुसऱ्या कुणाला काही शिल्लकच ठेवलं नाही. माझा भाचा चाकणला कंपनीत आहे, तो मॅक्सचा प्रतिस्पर्धी हॅमिल्टन याचा चाहता. दिवाळीत आला की दोघांची जुंपते. वाद येऊन थांबतो तो १२ डिसेंबर २०२१ च्या अबूधाबीच्या शर्यतीवर. मॅक्स आणि हॅमिल्टनचे गुण सारखे, ३६९.५. हॅमिल्टन आरामात पुढे, शेवटच्या काही फेऱ्या उरलेल्या, आणि मागे कुणाची तरी गाडी आदळली. सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्यामागे रांगेत हळू चालायचं. नियमाप्रमाणे फेरीनं मागे पडलेल्या सगळ्या गाड्यांना पुढे जाऊ द्यायचं किंवा कुणालाच नाही. शर्यतीच्या संचालकांनी फक्त त्या दोघांच्या मधल्या पाच गाड्या सोडल्या, आणि मॅक्स नव्या टायरवर हॅमिल्टनच्या शेपटीला येऊन भिडला. उरली एकच फेरी. तीत मॅक्स पुढे निघाला आणि विजेतेपद घेऊन गेला. नंतर चौकशीत ही माणसाच्या हातून झालेली चूक ठरली, संचालक बदलले, निकाल मात्र तोच राहिला.

भाचा म्हणतो, चोरीचं विजेतेपद. पोरगा म्हणतो, चूक संचालकाची, मॅक्सनं फक्त गाडी चालवली. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे. मुलांना अशी उत्तरं आवडत नाहीत. आपल्याला तरी कुठे आवडतात?

आबांचा प्रश्न तसा नवा नाही. आपल्या मराठी घरांनी तो एकदा चवीनं चघळला आहे, फक्त तेव्हा समोर आपला सचिन होता. २००२ च्या एप्रिलमध्ये सचिननं पोर्ट ऑफ स्पेनला २९ वं कसोटी शतक काढून ब्रॅडमनची बरोबरी केली. फियाट कंपनीनं त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, आणि ती त्याच्या हाती सोपवली कुणी, तर सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरनं. पुढच्या वर्षी गाडी भारतात आणायची वेळ आली तेव्हा आयात शुल्क निघालं एक कोटी तेरा लाखांच्या घरात. सरकारनं ते माफ करायचं ठरवलं आणि गदारोळ उठला. प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी शुल्क फियाटनं भरलं.

मी तेव्हा लहान होते. माझ्या वडिलांच्या खोलीत भिंतीवर सचिनचा फोटो, गणपतीच्या शेजारी. चुलते म्हणाले, "ज्याच्याकडं एवढा पैसा, त्यानं माफी मागावी कशाला?" वडील ताटावरून उठले. दोन भाऊ आठवडाभर एकमेकांशी सरळ बोलले नाहीत. सचिननं काय चूक केली, केली की नाही, हे मला आजही नीटसं सांगता येणार नाही. पण वडिलांच्या वागण्यातून तेव्हा एक गोष्ट मी उचलली: जो आपला आहे आणि जिंकतो, त्याच्याविषयी प्रश्न विचारायचा नसतो. हे त्यांनी मला कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. अर्धं जेवलेलं ताट तेवढं दिसलं होतं.

गंमत म्हणजे, ज्यानं ती गाडी सोपवली त्या शूमाकरवर २००२ च्याच मे महिन्यात ऑस्ट्रियात प्रेक्षक भडकले होते. त्याचाच साथीदार बारिकेल्लो शर्यतभर पुढे होता. फेरारीनं फर्मान काढलं, मायकेलला जाऊ दे. शेवटच्या रेषेपाशी त्यानं गाडी हळू केली, शूमाकर जिंकला, आणि गर्दीनं असा काही आरडाओरडा केला की तो बारिकेल्लोला स्वतःच्या जागी, सगळ्यात वरच्या पायरीवर उभा करून मोकळा झाला. त्या वर्षी १७ पैकी ११ शर्यती त्यानं जिंकल्या, जुलैतच विजेतेपद खिशात होतं. गरज नसताना घेतलेला विजय लोकांना जास्त खुपतो बहुतेक. लग्नाच्या पंगतीत पोट भरलेला माणूस शेवटचा लाडू उचलतो तेव्हा नाही का सगळ्यांच्या नजरा तिकडे जातात!

आणि ही हुर्यो कायमची असते असंही नाही. सेबास्टियन व्हेटेल २०१३ मध्ये असाच सुटला होता. मार्चमध्ये मलेशियात संघाचा हुकूम धुडकावून स्वतःच्याच साथीदाराला, वेबरला, मागे टाकून जिंकला, आणि नंतर वर्षभर ठिकठिकाणी लोकांनी त्याला नकोसं केलं. २७ ऑक्टोबरला तो आपल्याकडे ग्रेटर नोएडाला आला. तिथं त्यानं ओळीनं तिसऱ्यांदा शर्यत मारली आणि चौथ्या विजेतेपदावर नाव कोरलं. सरळ गाडी ठेवण्याच्या जागी जायचं सोडून प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवली, टायरच्या धुरात उतरला आणि गाडीपुढे चक्क दंडवत घातला. आपल्या लोकांनी डोक्यावर घेतलं. दंड बसला संघाला, २५ हजार युरो. एवढ्या आनंदाच्या दिवशीही हुर्यो मनाला लागते, हे त्यानं बोलून दाखवलं. तोच माणूस २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनला शर्यत संपल्यावर हातमोजे घालून प्रेक्षकांचा कचरा उचलत होता. चांगला कधी होता मग? मार्चमध्ये, ऑक्टोबरमध्ये, की कचरा उचलताना?

मॅक्सचंही तसंच. नोव्हेंबर २०२४, ब्राझील, धो धो पाऊस, सतराव्या जागेवरून सुटून तो पहिला आला. आबा त्या दिवशी सुपारी कातरायची विसरले. आणि त्याच ब्राझीलमध्ये २०२२ साली त्याला संघानं सांगितलं होतं, साथीदार पेरेझला पुढे जाऊ दे, त्याला गुण हवेत. मॅक्सचं विजेतेपद तेव्हा आधीच पक्कं झालेलं. प्रश्न नुसत्या सहाव्या क्रमांकाचा होता. नाही म्हणाला. हाच पेरेझ, ज्यानं अबूधाबीत हॅमिल्टनला अडवून धरून मॅक्सला जवळ आणलं होतं. पुढे २०२५ च्या जूनमध्ये बार्सिलोनात रागाच्या भरात प्रतिस्पर्धी रसेलला गाडी घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच लिहिलं की हे बरोबर नव्हतं, व्हायला नको होतं. त्याआधी पत्रकारांसमोर शिवी तोंडातून गेली म्हणून समाजसेवेची शिक्षा झाली, ती त्यानं रवांडात मुलांबरोबर काम करून फेडली.

पेरेझची गोष्ट थोरल्यानं मला सांगितली ती खाली मान घालून. "हे मात्र त्यानं बरं नाही केलं." मी मनात म्हटलं, याला कळतं की! आपण उत्तर द्यायची घाई करतो आणि त्यांना कळलेलं ऐकायचं राहून जातं.

उलट आपल्याकडे बघा. दहावीला पंचाण्णव टक्क्यांकडे निघालेला मुलगा आजीवर खेकसला, तर आई हळूच म्हणते, "राहू द्या, टेन्शन आहे त्याला." ताट उचलत नाही, राहू द्या. बहिणीला वाट्टेल ते बोलला, राहू द्या, पेपर आहे उद्या. तीच गोष्ट काठावर पास होणाऱ्यानं केली की लगेच त्याचे संस्कार निघतात. घरातल्या चॅम्पियनला किती सूट असते ते धाकट्याला बरोबर दिसतं. माझ्या धाकटीनं परवा मला तोंडावर सांगितलं, "दादाचे मार्क जास्त, म्हणून दादाचा आवाजपण जास्त." आठ वर्षांची आहे.

आता खरं सांगायचं ते. लांबवत होते.

मॅक्सच्या बापाची एक गोष्ट त्याच्या चाहत्यांमध्ये फार चालते. बाप, योस व्हर्स्टॅपन, स्वतः फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवलेला. आई सोफी कुम्पेनही कार्टिंगमधली नावाजलेली, पण तिचं नाव कुणाला ठाऊक नसतं, ते असो. २०१२ मध्ये इटलीत सार्नो नावाच्या गावी कार्टिंगची मोठी स्पर्धा होती. मॅक्स चौदा-पंधरा वर्षांचा. जिंकायच्याच लायनीत होता, घाई करून एकाला ओलांडायला गेला आणि आदळला. घरी जाताना व्हॅनमध्ये पोरगा काय झालं ते सांगायला लागला. बापानं पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, म्हणाला, उतर खाली. आणि निघून गेला. नंतर परत आला, घेऊन गेला, पण आठवडाभर एक शब्द बोलला नाही. मॅक्स स्वतःच हे सांगतो.

चाहते पुढे जोडतात: म्हणूनच तो चॅम्पियन झाला.

मला या 'म्हणूनच'ची भीती वाटते. पंपावर उतरवलेली आणि कुठेच न पोचलेली पोरं मुलाखती देत नाहीत. हॅमिल्टनच्या वडिलांनीही पोरासाठी हाडं झिजवली, एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या. त्यांनी अट घातली होती ती शाळेत नीट अभ्यास करण्याची. तोही सात वेळा जगज्जेता झाला. मग कुठला बाप लावायचा हिशेबाला?

गेल्या हिवाळ्यात थोरल्याच्या शाळेची कबड्डीची मॅच परळीला होती. शेवटच्या मिनिटाला एका गुणाची गरज, हा चढाईला गेला, बोनसच्या नादात मागे वळायला उशीर केला आणि घोट्याला धरला गेला. हरले. आम्ही दोघंही बघायला गेलो होतो. येताना मोटरसायकलवर तिघं. पुढे हे, मध्ये पोरगा, मागे मी. थंडी मरणाची, समोरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन डोलत येत होते. पोरगा एकदा म्हणाला, "पप्पा, पाय घसरला." हे गप्प. थोड्या वेळानं परत, "पप्पा, मॅटवर पाणी होतं." हे गप्प. आणि मी? मी त्याच्या पाठीला टेकून बसले होते. त्याचं अंग हलत होतं ते थंडीनं नव्हे, हे मला कळत होतं. मीही काही बोलले नाही. केदारेश्वराच्या देवळापाशी गाडी वळली तेव्हा हे एवढंच म्हणाले, "बूट बाहेर काढ, चिखल हाय."

वाईट बाप नाहीत हो ते. त्या रात्री पोरगा झोपल्यावर त्याच्या घोट्याला त्यांनीच तेल लावलं. पण ते पोराला कुठे माहीत होतं?

परवाच्या रविवारी मी भाकरी टाकून ओट्यावर आले. शर्यत सुरू व्हायला वेळ होता. मीच विषय काढला. म्हटलं, "तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, मॅक्स चांगला आहे का? तुला काय वाटतं?"

तो पेट्रोल पंपाची गोष्ट आबांना सांगू लागला. आबा ऐकत होते, अडकित्ता थांबलेला. शेवटी म्हणाले, "आन् लेकराला अंधारात सोडून गेला? आसल्या बापाला उसात नेऊन कोयता द्यावा हातात."

पोरगा हसला. मग मोबाइलवरची धूळ शर्टानं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण पप्पांनी मला गाडीवरून उतरवलं नव्हतं."

दारात कासंडी घेऊन हे उभे होते. धार झालेली होती. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. कासंडी ओट्यावर ठेवली, पोराच्या शेजारी बसले आणि विचारलं, "यातला तुझा कोणता रं?"