पत्र्याच्या गोठ्यातील उन्हाळा

विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांत वैशाखातील दुपारी पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली बांधलेली म्हैस धापा टाकते, वैरणीला तोंड लावीत नाही आणि सायंकाळी दूध कमी देते. धन्यास वाटते की, खुराक कमी पडला. पुष्कळदा दोष खुराकाचा नसून छपराचा असतो. उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे कशी जाते हे समजून घेतल्यास थोड्या खर्चात उपाय करता येतो.

उष्णतेच्या तीन वाटा

पहिली वाट वहनाची. पहारीचे एक टोक विस्तवात ठेवले असता दुसरे टोकही तापते. लोखंडातून उष्णता लवकर वाहते. लाकूड, कडबा व कोंडलेली हवा यांतून फार सावकाश वाहते.

दुसरी वाट अभिसरणाची. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा थंड हवा घेते. चुलीचा धूर वर चढतो तो याच कारणाने.

तिसरी वाट प्रारणाची. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते ती अशीच. तिला मधल्या पदार्थाची गरज नसते. तापलेला पत्राही खालच्या जनावराच्या पाठीवर अशीच उष्णता टाकीत असतो. याचा पडताळा सोपा आहे. भर दुपारी पत्र्याखाली तळहात वर करून धरावा. मग हात व पत्रा यांच्यामध्ये पुठ्ठा धरावा. झळ तत्काळ थांबते. गरम हवा वर जाते, खाली येत नाही. म्हणून ही झळ मुख्यतः प्रारणाची होय.

जनावराची अडचण

गाई-म्हशींच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश असते. चारा पोटात आंबून पचताना उष्णता सतत निर्माण होते आणि ती बाहेर जावीच लागते. भोवतालची हवा ३० अंशांची असेल, तर ती हवेत निघून जाते. हवा ४२ अंशांची झाली की उलट हवाच जनावरास तापविते. मग पाणी सुकण्याने होणारा थंडावा हाच एक मोठा आधार उरतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी अंगावर सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी असतात, शिवाय तिचा काळा रंग ऊन अधिक शोषतो. म्हणूनच ती डबक्यात बसते.

काय करावे

१. उन्हाळ्यापूर्वी पत्र्यास वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा रंग ऊन परतवितो. पावसाने चुना धुपतो, म्हणून हे काम दरवर्षी करावे.

२. पत्र्यावर कडबा, पाचट किंवा तुराट्यांचा वीतभर जाड थर घालून दोरीने घट्ट बांधावा. विजेच्या तारा व चूल यांपासून तो दूर ठेवावा.

३. आढ्याजवळ गरम हवा बाहेर पडण्यास फट ठेवावी व बाजू मोकळ्या ठेवाव्यात. उन्हाच्या बाजूस ओले गोणपाट टांगावे, परंतु गोठा कोंडू नये.

४. दुपारी जनावरांच्या अंगावर दोन-तीन वेळा पाणी शिंपडावे. वारा खेळता नसेल, तर पाणी सुकत नाही, दमटपणा मात्र वाढतो. कोकणातील दमट हवेत याचा गुण कमी येतो; तेथे सावली व वारा यांवर भर द्यावा.

५. वैरण पहाटे व सूर्यास्तानंतर अधिक द्यावी. पिण्याचे पाणी सावलीत व सदैव भरलेले असावे.

जनावर तोंड उघडून धापू लागले, लाळ गाळू लागले किंवा लडखडू लागले, तर त्यास सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतावे व पशुवैद्यकास बोलवावे. विलंब प्राणघातक ठरतो.

कार्यकर्त्यांसाठी

गावातील दोन सारखे गोठे निवडावेत. एकाच्या छपरास चुना व कडबा द्यावा, दुसरे तसेच ठेवावे. दोन्हींत जनावराच्या पाठीइतक्या उंचीवर तापमापक टांगून दुपारी दोन वाजता शेतकऱ्यांनाच आकडे वाचावयास सांगावे. दोन्ही गोठ्यांतील दुधाची नोंदही आठवडाभर ठेवावी. स्वतः वाचलेला आकडा व्याख्यानापेक्षा लवकर पटतो.