घटक ४ : पत्रातील दोन काळ – कॅप्टन स्कॉटचे अखेरचे पत्र

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• पत्राचा लेखनकाळ व वाचनकाळ यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• मायन्यातून लेखक व वाचक यांचे नाते कसे सूचित होते, ते सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, समोरासमोरच्या संभाषणात ‘आज’ आणि ‘आता’ या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला एकच असतो. पत्रात तसे नसते. लिहिणाऱ्याचा ‘आज’ वाचणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत ‘तेव्हा’ झालेला असतो. दूरदेशी शोधमोहिमेवर गेलेल्या पित्याच्या पत्रात हे अंतर महिन्यांचे, कधी वर्षाचेही असते. तेवढ्या काळात घरी मूल वाढत असते. असे एक पत्र आपण अभ्यासणार आहोत.

४.३ पत्राची पार्श्वभूमी

ब्रिटिश नौदल अधिकारी रॉबर्ट फाल्कन स्कॉट १९१० मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याचा मुलगा पीटर एक वर्षाचाही नव्हता. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट व त्याचे चार सहकारी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परंतु नॉर्वेचा आमुन्सेन महिनाभर आधीच तेथे पोहोचला होता. परतीच्या वाटेवर पाचही जणांचा अंत झाला. तशा अवस्थेतही त्यांनी सुमारे १६ किलो वजनाचे खडक व जीवाश्म टाकून दिले नव्हते. मार्च १९१२ मध्ये तंबूत लिहिलेले स्कॉटचे पत्र त्याच वर्षी नोव्हेंबरात शोधपथकाला सापडले आणि १९१३ मध्ये पत्नी कॅथलीनच्या हाती आले.

४.४ मायना : कोणाचा ‘आता’?

हे पत्र ‘माझ्या विधवेस’ असे संबोधून लिहिलेले आहे. मराठी पत्रलेखनाच्या परंपरेशी तुलना केल्यास या संबोधनाचे वेगळेपण ध्यानात येते. पती पत्नीला ‘सौ.’ लिहितो, तेव्हा त्या एका अक्षरात तो स्वतः हयात असल्याचे विधानही असते. ‘गं. भा.’ हे उपपद तिच्या नावामागे इतर लोक लावतात. पती ते लावू शकत नाही. स्कॉटने नेमके तेच केले. लिहिताना तो जिवंत होता. पण संबोधनासाठी त्याने स्वतःचा ‘आता’ सोडून वाचणारीचा ‘आता’ स्वीकारला. योग्य माणूस भेटल्यास तिने पुन्हा विवाह करावा, हे त्याचे सांगणेही त्याच भूमिकेतून आले आहे.

४.५ तृतीय पुरुषातील पुत्र

पीटर तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्याला वाचता येणे शक्यच नव्हते. म्हणून पत्रात तो ‘तू’ नाही, ‘तो’ आहे. त्याला निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लावावी, मोकळ्या हवेत वाढवावे, आळसापासून जपावे, असे पिता आईला सांगतो. आळसाकडे आपलाही ओढा होता, हेही तो मान्य करतो. व्याकरणदृष्ट्या वाचक आई आहे. आशयाचा अंतिम वाचक मात्र पुढे मोठा होणारा मुलगा आहे.

पीटर स्कॉट पुढे नामवंत निसर्गतज्ज्ञ झाला. १९४६ मध्ये त्याने इंग्लंडात स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था स्थापन केली. १९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांत तो होता. हे केवळ पत्रामुळे घडले, असे म्हणता येणार नाही. त्याला वाढवले ते आईने. परंतु पित्याचे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटही तीच होती.

४.६ सारांश

पत्र लेखक व वाचक यांच्यातील अंतर नाहीसे करत नाही. त्या अंतरावर कोठे उभे राहून बोलायचे, हे लेखकाला ठरवू देते. संबोधन, पुरुष आणि काळ या व्याकरणिक निवडींतून तो निर्णय प्रकट होतो.

४.७ स्वाध्याय

१. ‘चि.’ आणि ‘सौ.’ या उपपदांतून लेखकाविषयी व वाचकाविषयी कोणती माहिती मिळते?
२. घरातील एखादे जुने पत्र घेऊन त्यातील कालदर्शक शब्दांची यादी करा. आज वाचताना त्यांचा अर्थ कसा बदलतो, ते दहा ओळींत लिहा.