बैलगाडी व तिचा भार

खेड हे गाव जगबुडी नदीच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहे. पूर्वी येथे दाभोळच्या खाडीतून माल होडीने येई, आणि हातलोट घाटाच्या अरुंद वाटेने तो बैलांच्या पाठीवर वर जाई. सपाट रस्त्यावर मात्र गाडीच उपयोगी पडे. भात, पेंढा व शेणखत तीच वाही. वऱ्हाड नेई, आजाऱ्यासही वैद्याकडे पोचवी.

परंतु गाडी भरणे हीही एक विद्या आहे, ती आम्ही येथे सांगतो. दोन चाकांची गाडी तराजूप्रमाणे आसावर तोललेली असते. पुढे ओझे फार झाले, तर जू मानेवर रुतून खांदा सोलतो. मागे फार झाले, तर जू वर उचलले जाऊन बैलांचे गळे आवळले जातात. म्हणून जड वस्तू आसावर ठेवाव्या आणि जू हाताने उचलून पाहावे. ते मानेवर हलकेच टेकले पाहिजे. उतारावर भार पुढे येतो, यास्तव धडधाकट माणसांनी खाली उतरावे. मुक्या जनावरास आपले दुःख सांगता येत नाही; ते गाडीत बसणाऱ्यानेच ओळखावयाचे असते.