तोंडातले व्रण भरत नाहीत तेव्हा : पेम्फिगस व्हल्गॅरिस

पेम्फिगस व्हल्गॅरिस हा त्वचेचा आणि तोंडाच्या आतल्या अस्तराचा दुर्मीळ, दीर्घकाळ चालणारा आजार आहे. निम्म्याहून अधिक रुग्णांत त्याची सुरुवात तोंडातच होते. अंगावर फोड उठायला त्यानंतर काही आठवडे, कधी कित्येक महिने जातात.

त्वचेच्या पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती याच प्रथिनांवर हल्ला करते आणि पेशींची पकड सुटते. तोंडाच्या अस्तराची मदार मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर असल्याने पहिला फटका तिथे बसतो. हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही.

तोंडातले फोड इतके नाजूक असतात की ते दिसण्याआधीच फुटतात. मागे उरतात ते गालांच्या आत, टाळूवर, हिरड्यांवर लालबुंद, सोललेले चट्टे. तिखट झोंबते, घास गिळवत नाही, वजन घटते. एरवी तोंड येते ते साधारण दोन आठवड्यांत बरे होते. हे चट्टे मात्र भरत नाहीत. उष्णता वाढली असे समजून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेण्यात अनेकांचे महिने वाया जातात.

निदानासाठी व्रणाच्या कडेचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात. शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या भागाची इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी निदान पक्के करते.

स्टिरॉइड येण्यापूर्वी हा आजार बहुतेकदा जीवघेणा ठरे. आज स्टिरॉइडसोबत ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा रिटुक्सिमॅब देऊन तो आटोक्यात ठेवता येतो. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत या आजारासाठी 2018 मध्ये मान्यता मिळाली. उपचारांपूर्वी क्षयरोग आणि हिपॅटायटिस-बीची तपासणी, तर उपचार चालू असताना साखर, रक्तदाब आणि हाडांची तपासणी आवश्यक असते.

रुग्णाने मऊ, कोमट, कमी तिखटाचे जेवण घ्यावे: मऊ भात, खिमट, दूध. पापड, चिवडा, आंबट फळे टाळावीत. ब्रश मऊ असावा. अल्कोहोलयुक्त माउथवॉश आणि तंबाखू वर्ज्य. बरे वाटले म्हणून स्टिरॉइड स्वतःहून अचानक बंद करणे धोक्याचे असते. आजार उलटतो, शिवाय रक्तदाब कोसळू शकतो.

तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञ किंवा दंतवैद्याला दाखवावा. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितका आजार लवकर आटोक्यात येण्याची शक्यता वाढते.