कचऱ्याची वीज आणि हवेचा हिशेब

शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या प्रकल्पावर काम करतो म्हटलं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. वीज किती निघते, आणि वास येतो का? त्या विजेपायी हवेत काय गेलं, हे सहसा कुणी विचारत नाही. इतक्या वर्षांच्या कामातून त्याबद्दल जे उमगलं, ते असं.

१. ओला कचरा जाळायचा नसतो.
आपल्या कचऱ्यात भाज्यांची देठं, कलिंगडाच्या साली, उरलेला भात यांचंच वजन जास्त. त्यातल्या किलोभर पाण्याची नुसती वाफ करायला ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये रोज ३०० टन कचरा जाळणारी भट्टी उभारली होती. कचऱ्यात पुरेशी उष्णताच नव्हती, त्यामुळे ती लवकरच बंद पडली.

२. तो डेपोवर कुजू देणं त्याहून वाईट.
ढिगाच्या आत हवा पोचत नाही, तिथे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात जवळपास ८० पट. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईचा देवनार डेपो पेटला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग सगळ्यांना दिसते. न पेटलेला ढीग मात्र रोज गॅस सोडत असतो आणि त्याची बातमी होत नाही.

३. गळती शोधणं हेच खरं काम.
माझा सगळ्यात जास्त जीव यात गुंतलेला आहे. एक टन ओला कचरा बंद टाकीत, म्हणजे डायजेस्टरमध्ये, कुजवला की साधारण ८० घनमीटर बायोगॅस मिळतो. त्यात साठ टक्के मिथेन, म्हणजे ३२ किलोच्या आसपास. त्यावर सव्वाशेएक युनिट वीज होते आणि तेवढी ग्रिडची वीज वाचून अंदाजे ८५ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. आता यातला फक्त पाच टक्के गॅस निसटला असं धरा. दीड किलोच मिथेन, पण तो ४५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. विजेची निम्मी कमाई तिथेच गेली! म्हणून आमच्याकडे सकाळी पाइपच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावतात. फ्लँजच्या बोल्टापाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगून फुटला, फुगून फुटला, की पाना आणायचा. जनरेटर बंद असेल तर गॅस फ्लेअरला, म्हणजे मशालीसारख्या बर्नरवर, जाळायचा. तो तसाच हवेत सोडणं हा मला गुन्हाच वाटतो.

४. डायजेस्टरमधून बाहेर पडणारी पातळ स्लरीही झाकून ठेवावी.
तिच्यात थोडा गॅस उरलेला असतो.

५. प्लॅस्टिकची वीज ही तेलाचीच वीज.
भाजीची साल जाळली तर झाडाने हवेतून घेतलेला कार्बन हवेत परत जातो. पिशवी जाळली तर जमिनीखालचा कार्बन वर येतो: किलोभर पॉलिथिनमागे तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. भट्टीची कार्यक्षमता वीस टक्के धरली तर त्यातून जेमतेम अडीच युनिट वीज मिळते, म्हणजे युनिटमागचं उत्सर्जन कोळशाहूनही जास्त. याला हरित ऊर्जा म्हणणं मला पटत नाही. कोपनहेगनच्या आमागर बाक्के या कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाचा दाखला हटकून दिला जातो. पण तिथली भट्टी विजेबरोबर घराघरांना पाइपातून ऊबही पुरवते. नागपूरच्या मे महिन्यात ती ऊब कुणाला देणार?

६. सगळं दारातल्या बादलीवर ठरतं.
भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्प असो की दुसरा कुठला, वेगळा केलेला ओला कचरा आला तरच तो नीट चालतो. शहाळ्याची करवंटी क्रशर अडवते. लिंबाच्या सालींचा मोठा घाणा एकदम टाकला की डायजेस्टर आंबट होतो आणि गॅस घटतो. कचरावेचक ताया पट्ट्यावर हात फिरवून घरगुती पिशवीतून बॅटरी, डायपर, ब्लेड बाजूला काढतात. त्यांना हातमोजे वेळेवर मिळणं हा मला उत्सर्जनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

७. फलकावर आणखी तीन आकडे लिहायला लावा.
प्रकल्पाच्या दारावर वीज किती झाली ते मोठ्या अक्षरांत असतं. त्याखाली गॅस किती तयार झाला, किती वापरला आणि किती फ्लेअरला गेला, हेही रोज लिहावं. वॉर्डसभेत नगरसेवकाकडे ते मागता येतं. तयार झालेल्या गॅसच्या आकड्यातून बाकीचे दोन वजा केल्यावर जे उरतं, तेवढा गॅस कुठे गेला याचं उत्तर प्रकल्प चालवणाऱ्याने द्यायचं.