ओळखीची फुले आणि त्यांच्यातले द्रव्य

धोतरा, कण्हेर, बिट्टी आणि सदाफुली. ही चार झाडे ओळखत नाही असा माणूस आपल्या खेड्यात सापडायचा नाही. धोतरा उकिरड्यावर उगवतो. कण्हेर देवळाच्या आवारात असते. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, कुंपणाला लावतात. सदाफुली तर दारातल्या फुटक्या डब्यातही फुलते. चौघांची फुले आपण देवाला वाहतो. चौघांतही विष आहे, आणि चौघांचाही औषधाशी संबंध आहे. विष आणि औषध एकाच झाडात कसे नांदते, ते आता पाहू.

“झाडपाल्याचं औषध, त्यानं अपाय कसला?” हे बोलणे आम्ही पारावर कितीदा तरी ऐकले आहे. पण झाड काही आपल्यासाठी औषध करीत नाही. झाडाला पाय नाहीत. शेळी आली, कीड आली, तर त्याला पळता येत नाही. मग ते काय करते? पानात, चिकात, बियांत कडू आणि जहाल द्रव्ये साठवून ठेवते. खाणाऱ्याने पुन्हा तोंड लावू नये, एवढाच त्याचा हेतू. तेच द्रव्य आपल्या पोटात गेले की अंगात आपले काम करते. ते काम भल्याचे की वाईटाचे, हे किती गेले त्यावर ठरते.

आधी धोतऱ्याचे पाहू. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते. अंग तापते, लाल होते, पण घाम येत नाही. डोळ्याची बाहुली मोठी होते, उजेड सोसत नाही. लघवी अडते. माणूस बरळू लागतो आणि हवेत नसलेल्या वस्तू पकडायला जातो. घरची माणसे म्हणतात, बाहेरचे काही लागले. मग लिंबू उतरतात, अंगारा लावतात, देवऋषाला बोलावणे जाते. इकडे वेळ जातो. वेळ जाणे हेच त्यात सर्वांत वाईट.

हे होते कसे? मेंदूचा निरोप नसांमधून जातो. नसेच्या टोकाला एक द्रव्य पाझरते. ते किल्लीसारखे पुढच्या कुलपात बसते. मग थुंकी सुटते, घाम येतो, बाहुली बारीक होते. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि त्याच्या भाऊबंदांपैकी आणखी द्रव्ये असतात. ती त्याच कुलपात जाऊन बसतात, पण कुलूप उघडत नाहीत. खरी किल्ली बाहेरच राहते. म्हणून थुंकी नाही की घाम नाही.

आता गंमत अशी की हेच ॲट्रोपिन दवाखान्यात जीव वाचवते. कपाशीवर, भाजीवर मारायची काही कीटकनाशके अशी आहेत की ती नेमका उलटा बिघाड करतात. कुलपांपाशी किल्ल्यांची गर्दीच गर्दी होते. तोंडाला फेस येतो, घामाच्या धारा लागतात, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती पाण्याने भरून श्वास कोंडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले, हे तुम्ही ऐकले असेल. कीटकनाशक वर सांगितलेल्या जातीचे असेल, तर डॉक्टर ॲट्रोपिनची सुई देतात. ॲट्रोपिनच्या एका लहान कुपीत साधारण ०.६ मिलिग्रॅम औषध असते. छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर नाडी आणि श्वास तपासत पुन्हा पुन्हा ते देतात.

हे ऐकून कोणी शहाणा फवारणीवाल्याला धोतऱ्याचा काढा पाजील! म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, तसे मुळीच करू नका. कुपीत किती औषध आहे ते कुपीवर लिहिलेले असते. पानात किती आहे ते कोणी लिहिले आहे? कोवळ्या पानात वेगळे, जून पानात वेगळे, बियांत आणखी वेगळे. शेजारच्या दोन झाडांतही सारखे नसते. दम्यासाठी धोतऱ्याची वाळली पाने चिलमीत ओढायची जुनी रीत होती. तिच्यात तथ्य होते. ॲट्रोपिनपासून तयार केलेले एक औषध आजही दम लागणाऱ्यांना फवाऱ्यातून देतात. पण चिलमीचे माप कोण घेणार?

एक सांगायचे राहिले. धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियासारखे दिसते. इंग्रजी अमलात वाटसरूंना अन्नातून धोतरा घालून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, त्या या सारखेपणाचा फायदा घेत. मिरचीचे बी पिवळट, गुळगुळीत आणि तिखट. धोतऱ्याचे तपकिरी, खडबडीत आणि कडवट. चव घेऊन मात्र पाहू नका, नजरेनेच ओळखा.

मापाची गोष्ट निघाली, तर कण्हेरीकडे वळू. पण वाटेत थोडे विलायतेत जावे लागेल. तिथे थंड मुलखात एक झाड होते, त्याला लांब टोपीसारखी जांभळी फुले येतात. त्याचे नाव डिजिटॅलिस. १७७५ साली विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरला एका म्हातारीच्या काढ्याची माहिती मिळाली. अंगावर सूज चढलेले रोगी त्या काढ्याने उतरत. काढ्यात वीसेक झाडपाले होते. विदरिंगने ओळखले की काम करतो तो हा एकच पाला. मग त्याने घाई केली नाही. दहा वर्षे रोगी पाहिले, किती दिले आणि काय झाले ते टिपून ठेवले, आणि १७८५ साली पुस्तक छापले. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही हकिगत त्यात आहे. आम्हाला या माणसाचे फार कौतुक वाटते. म्हातारीला त्याने हसण्यावारी नेले नाही, आणि तिचा काढाही डोळे मिटून घेतला नाही.

पुढे १९३० साली डिजिटॅलिसच्या एका जातीतून डिगॉक्सिन हे औषध वेगळे काढले. हृदय दुबळे झालेल्यांना ते अजून देतात. नेहमीची गोळी पाव मिलिग्रॅमची. म्हणजे किती? सोनाराची गुंज आठवा. एका गुंजेच्या वजनात जवळजवळ पाचशे गोळ्यांचे औषध बसेल! (ती गुंजही विषारीच, पोरांना खेळायला देऊ नये.)

कण्हेरीतले ओलिअँड्रिन आणि बिट्टीतले थेवेटिन ही डिगॉक्सिनचीच भावंडे. हृदयाच्या प्रत्येक पेशीत बारीक पंप असतात. ते सोडियम बाहेर टाकतात, पोटॅशियम आत घेतात. ही द्रव्ये त्या पंपांना आवर घालतात. थोडा आवर बसला तर हृदय जोराने दाबते, आणि दुबळ्या हृदयाला तेच हवे असते. जास्त बसला तर ठोक्यांचा ताल मोडतो. पान वाळले तरी कण्हेरीचे विष जात नाही. हिरवे पान कडू म्हणून गुरे सहसा टाळतात, पण वाळलेले वैरणीत मिसळले तर खातात. कुंपण छाटले की फांद्या गोठ्याजवळ टाकू नका. बिट्ट्यांनी पोरे खेळतात. खेळता खेळता कवच फोडून आतले बी चावतात, तिथे लक्ष ठेवायला हवे.

राहिली सदाफुली. “साखर” उतरावी म्हणून रोज तिची पाने-फुले चावणारे लोक गावोगाव आहेत. १९५२ साली जमैका बेटावरून याच समजुतीपायी तिच्या पानांचे पुडके कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत आले. अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. पण अर्क टोचला तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर साध्या जंतूंनी मेले. मग ध्यानात आले, की कर्करोगात ज्या पेशी बेसुमार वाढतात त्यांनाही हे आवरील. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि व्हिंक्रिस्टिन मिळाली. रक्ताचा कर्करोग झालेली पुष्कळ मुले आज व्हिंक्रिस्टिन आणि इतर औषधांनी बरी होतात. हजार किलो वाळल्या पाल्यातून ते जेमतेम काही ग्रॅम निघते. इतक्या नाजूक मापाचे द्रव्य रोज अंदाजाने का खावे? साखर असेल तर रक्त तपासा, डॉक्टरची गोळी घ्या. सदाफुली दारात शोभते, तिथेच असू द्या.

कोणी यातले काही खाल्लेच तर काय करावे? मिठाचे पाणी, चिंच, तूप यांच्या नादी लागू नका. घशात बोटे घालून ओकारी काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. १०८ ला फोन करा. किती वाजता खाल्ले ते कागदावर लिहा. आता लिहिता येते ना? खाल्लेल्या झाडाची फांदी, फळ सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला शोधत बसावे लागणार नाही. आणि कण्हेर किंवा बिट्टी असेल, तर पोर हसतेय-खेळतेय म्हणून त्याला लगेच घरी आणू नका. हृदयाचा बिघाड काही तासांनीही सुरू होतो. डॉक्टर म्हणतील तितका वेळ, एक रात्र तर एक रात्र, दवाखान्यातच राहू द्या.